केशू, कुसुमचं नाव घालायचं राहिलं

ईशा, निहार,

तुमच्या मामाआजोबांना जाऊन आज तेवीस दिवस झाले. तुम्ही दोघांनी इंटरनेटवर त्यांचे फोटो पाहिलेत, बातम्या वाचल्यात, आणि निहारने मला फोनवर विचारलं, "आजी, ते हीरो होते ना?" मी तेव्हा कुकर लावायचं निमित्त करून फोन ठेवला. उत्तर मला येत नव्हतं असं नाही. दोन मिनिटांत देता येण्यासारखं नव्हतं.

अमितमामा त्यांच्या आठवणींचं एक पुस्तक काढतो आहे. मला म्हणाला, "आत्या, दोन पानं दे. इंग्लिशमध्ये लिहिलंस तरी चालेल, आपण ट्रान्सलेट करून घेऊ. फक्त जरा पॉझिटिव्ह ठेव." मी लिहायला बसले आणि जे झालं ते त्या पुस्तकात बसणार नाही. म्हणून तुम्हाला पाठवते आहे. मी आयुष्यभर इंग्रजीत नोकरी केली, पण माझ्या भावाशी इंग्रजीत कधी बोलले नाही, म्हणून हे मराठीत आहे. आईकडून वाचून घ्या. ती मधलं काही गाळायला बघेल, तिला गाळू देऊ नका.

आता इथून पुढे मी त्याच्याशी बोलणार आहे. तुम्ही ऐका.

केशू,

कल्याणला तुझी शोकसभा झाली. मी पहिल्या रांगेत होते, कारण तिथल्या खुर्चीवर माझ्या नावाची चिठ्ठी लावलेली होती. आपली कुसुम आठव्या की नवव्या रांगेत, गावातून आलेल्या बायकांमध्ये बसली होती. तिच्या नावाची चिठ्ठी नव्हती. दारावरच्या कार्यकर्त्याला ती तुझी धाकटी बहीण आहे हे माहीत नव्हतं आणि तिने सांगितलं नाही. व्यासपीठावरून एक गृहस्थ म्हणाले, "केशवभाऊंनी शेतकऱ्याला कागदावर आणलं!" शोकसभेत टाळ्या वाजवायच्या की नाही या विचारात लोक थोडे थांबले आणि मग वाजवल्याच. मी मागे वळून पाहिलं. कुसुम पदराने मान पुसत होती. पंखे पुढच्या बाजूलाच होते.

तुझ्याबद्दल चांगलं बोलणं मला जड जात नाही. आमचे हे ठाण्याच्या इस्पितळात होते तेव्हा अधिवेशन सोडून तू आठ दिवस बाहेरच्या बाकावर बसलास. मोसंबी सोलायचास, बिया एकेक काढून वाटीत ठेवायचास आणि कोणी आमदार भेटायला आला तर त्याच्या हातात सालं द्यायचास टाकायला. त्यांच्या शेवटच्या दिवशी मला रिक्षात बसवून नौपाड्याच्या घरी तूच आणलंस, कुलूप तूच उघडलंस. हे मी विसरलेले नाही आणि विसरायची माझी इच्छाही नाही. पण या एका आठवणीवर सगळं फेडून घ्यायची तुझी सवय मला माहीत होती. अवघड विषय निघाला की तू म्हणायचास, "ताई, मी तुझ्यासाठी कधी कमी पडलोय का?" मी गप्प व्हायचे. माझ्यासाठी तू कमी पडला नव्हतास. मी माझ्यासाठी विचारत नव्हते.

माजिवड्याचं आंदोलन आठव. हायवेच्या कडेची जमीन सरकारने घेतली होती, खणून ठेवली होती, पाणी साचलं होतं. तू म्हणालास, "इथं भात लावायचं. बघू कोण उपटतं." कल्पना तुझीच, आणि ती मोठी होती. गावागावातून टेम्पो भरून बायका आल्या, कारण लावणी बायकाच करतात. सकाळपासून दुपारपर्यंत त्या गुडघाभर चिखलात वाकलेल्या होत्या. कुसुम सगळ्यांत पुढे होती. फोटोवाले आले तेव्हा तू धोतर खोचून आत उतरलास आणि कोणाच्या तरी हातातून रोपांची मूठ घेतलीस. कुसुम ओरडली, "दादा, उलटी धरलीस! मुळं वर केलीस!" बायका हसून हसून चिखलात बसल्या. तूही हसलास. पण दुसऱ्या दिवशी पेपरात तू एकटाच होतास, मूठ उलटीच होती, आणि खाली लिहिलं होतं, 'चिखलातला नेता'. त्या फोटोने तुला राज्यभर नेलं. जमीन सोडवून घेतलीस, हेही खरं. ज्यांची सुटली ते अजून तुझं नाव घेतात.

तुझी कागदपत्रं मी करायचे. तू खोलीत फेऱ्या मारत बोलायचास, मी लघुलेखनात घ्यायचे, मग टाइप करून एक प्रत माझ्या फाइलीत, दोन तुला. तुझी विशेषणं मी काढायचे, तू परत घालायचास. "ताई, तुझं इंग्रजी फार सभ्य आहे, त्याने दिल्लीवाल्याला झोप लागेल," असं म्हणायचास. एकदा दिल्लीला पाठवायच्या निवेदनात मी एक परिच्छेद घातला. जी बाई शेतात राबते ती शेतकरी मानावी आणि तिचं नाव सातबाऱ्यावर असावं, एवढाच. तू तो वाचलास, पेन मागितलंस आणि आडवी रेघ मारलीस.

"हे आत्ता नको. आधी मालाला भाव मिळू दे. घरातलं मग बघू."

"मग म्हणजे कधी?"

"ताई, माझ्या सभेला कोण येतं? भाऊ येतात. त्यांना मी सांगू, जा, घरी जाऊन बहिणीला वाटा द्या? दुसऱ्या सभेला कुत्रं येणार नाही."

मी पान पुन्हा टाइप केलं, तो परिच्छेद सोडून. तुझी संघटना भावांची होती हे तू मला त्या दिवशी स्पष्ट सांगितलंस, आणि मी नीट समास सोडून, स्वच्छ प्रत काढून तुझ्या हातात दिली.

मुलांनो, इथे तुम्हाला एक गोष्ट सांगायला हवी, नाहीतर पुढचं कळणार नाही. आपल्याकडे वडील गेले की जमिनीवर मुलांइतकाच मुलींचा हक्क असतो. कायदा तसा आहे. पण चाल अशी आहे की बहिणी हक्कसोडपत्र लिहून देतात. आम्ही आमचा हक्क राजीखुशीने सोडतो, असं त्यात असतं. भाऊ साडी नेसवतो. जी सही करत नाही तिला माहेर उरत नाही, असं समजतात.

केशू, आपल्या घरी तो कागद भाऊबीजेला आला. तुला ओवाळून झालं, आणि तू खिशातून घडी काढून पाटाशेजारी ठेवलीस. आई स्वयंपाकघरातून म्हणाली, "देऊन टाका सह्या पोरींनो, भावाचा संसार हाय." मी चष्मा लावून कागद वाचला. सवयच तशी. गट नंबरातले दोन आकडे उलटसुलट पडले होते. आपली जमीन त्या कागदात नव्हतीच, शेजाऱ्याची होती. मी लाल पेनने खूण केली आणि म्हणाले, "हे चुकलंय. खाडाखोड करू नका, वकिलाकडून नवीन टाइप करून आणा." तू हसलास, "बघ कुसुम, ताई नसती तर!" दोन दिवसांनी कल्याणच्या निबंधक कार्यालयात आपण तिघं गेलो. आधी मी सही केली. कुसुमने माझ्याकडे पाहिलं, मी मान हलवली, आणि तिने केली.

तिने तो कागद वाचला नव्हता. ताईने वाचलाय ना, एवढं तिला पुरे होतं.

पुढे कुसुमचे यजमान गेले. मूल नव्हतं. सासरची जमीन सासऱ्यांच्या नावावर, दिरांनी तिला दारात उभं केलं नाही. ती टिटवाळ्याला चाळीत एक खोली भाड्याने घेऊन राहिली, दुसऱ्यांची शेतं निम्म्या पिकावर, अर्धेलीने करू लागली, काकडी-भेंडी स्टेशनबाहेर बसून विकू लागली. तुझ्याकडे राहायला ये असं तू म्हणालास, हे मी कबूल करते. ती आली नाही. म्हणाली, "दादाच्या घरी पाव्हणी बरी, आश्रित नको." काही वर्षांनी तिने पै-पै साठवून एका म्हातारीचा छोटा तुकडा विकत घ्यायचं ठरवलं. म्हातारीलाही तो कुसुमलाच द्यायचा होता. कुसुम तलाठ्याकडे गेली तर तो म्हणाला, शेतकरी असल्याचा पुरावा आणा. आपल्या राज्यात शेतजमीन घ्यायची तर आधी शेतकरी असावं लागतं आणि शेतकरी तो, ज्याचं नाव कुठल्या तरी सातबाऱ्यावर आहे. तिचं एका ठिकाणी येऊ शकत होतं, ते आपण दोघांनी सोडवून घेतलं होतं.

आम्ही दोघी तुझ्या कल्याणच्या कार्यालयात आलो होतो. तू तेव्हा मंत्री. बाहेर माणसं उभी, आत तू भाकरी खात होतास.

"कुसुम, तुला कागद कशाला पाहिजे? अख्खा महाराष्ट्र ओळखतो, केशवभाऊची बहीण!"

"तलाठ्याला बहीण नको, दादा. सातबारा पायजे."

तू खळखळून हसलास आणि पीएला म्हणालास, "ऐकलंस का? हे भाषणात घ्यायचं!" मी म्हणाले, "केशू, एक गुंठा बक्षीसपत्राने तिच्या नावावर कर. एकच. ती शेतकरी होईल." तू हात धुतलास. पुसलेस. म्हणालास, "निवडणूक होऊ दे. आत्ता केलं तर गावातल्या सगळ्या बहिणी रांग लावतील, भाऊंनी केलं, तुम्हीही करा." मग माझ्याकडे वळून म्हणालास, "आणि ताई, खरं सांगू? तुझा वाटा तू कधीच घेतलास. तुझी फी, तुझं कल्याणचं राहणं भातातून झालं. मी बैलांमागे होतो तेव्हा तू इंग्रजी कविता पाठ करत होतीस."

ते खरं होतं. मी कल्याणला मावशीकडे राहून मिशनच्या शाळेत शिकले आणि तू शाळा सोडलीस. मला स्टेशनवर सोडायला यायचास, पुस्तकं डोक्यावर घेऊन, आणि गाडी सुटेपर्यंत उभा राहायचास. तुझी ती शाळा माझ्यामुळे सुटली, हे ओझं मी कायम बाळगलं. म्हणून तर तुझं टंकलेखन केलं, म्हणून तर लाल पेन चालवलं. पण त्या दिवशी मी तुला विचारलं, "माझा वाटा मी शिकून घेतला. कुसुमने कशात घेतला?"

बाहेरच्या माणसांना आत घ्या म्हणालास. त्यानंतर तू कितीदा भेटलास, जेवलास, माझ्या हातची आमटी डब्यातून नेलीस, पण त्या प्रश्नाचं उत्तर दिलं नाहीस. म्हातारीने तो तुकडा शेवटी बिल्डरला दिला. आता तिथे सात मजले आहेत.

मग आई गेली. आईच्या वडिलांनी तिला दिलेला एकोणीस गुंठ्यांचा तुकडा तिच्या नावावर होता. हक्कसोडपत्रात तो नव्हता. वारस म्हणून आपण तिघं लागणार होतो, आणि कुसुम आपोआप शेतकरी होणार होती. मी अर्ज लिहिला, मृत्यूचा दाखला जोडला, फाइलला नाव घातलं, पाठीवर पानांची यादी चिकटवली. तू फोनवर म्हणालास, "ताई, निवडणुकीनंतर. आत्ता नोटीस लागली तर विरोधक बोंबलतील, घरातच वाटणी चाललीय." मी थांबले. निवडणूक झाली. मग दुसरी आली. सात वर्षं तो अर्ज माझ्या कपाटात होता, एकाही पानाला घडी न पडता. अर्ज द्यायला तुझी परवानगी लागत नव्हती. कायदा मला माहीत होता. तुला सोडून तलाठ्याकडे जायला मला लाज वाटत होती, आणि त्या लाजेलाही मी चांगलं नाव दिलं होतं. नातं सांभाळणं. तू तुझी मतं सांभाळलीस, मी माझी मोसंबी सांभाळली. दोघांच्या मध्ये कुसुम त्या तुकड्यात सात वर्षं भात लावत होती, कागदावर कोणीच नसताना.

शेवटचं भेटले तेव्हा मी अर्ज पर्समध्ये घालून आणला होता. इस्पितळात तुला नळ्या लावल्या होत्या. तू म्हणालास, "ताई, भाषण आणलंस?" शुद्धीत होतास, थट्टा करत होतास. "कुसुम नाही आली?" मी म्हणाले, "लावणी चाललीय." "आईच्या तुकड्यात?" "हो." तू छताकडे बघत म्हणालास, "तिला म्हणावं पाय जपून टाक. वरच्या अंगाला बांधकामाचा राडारोडा येतो, काचा असतात चिखलात."

केशू, तुला काचासुद्धा माहीत होत्या. तिथे कोण राबतं, कुठल्या बाजूने पाणी येतं, सगळं तुला ठाऊक होतं. मला त्या क्षणी इतका राग आला की माझा हात पर्सच्या चेनवर गेला. आणि मी ती उघडली नाही. आजारी माणसाला काय सही मागायची, असं वाटलं. पुन्हा तेच चांगलं नाव.

बाराव्याच्या दुसऱ्या दिवशी अमित माझ्याकडे आला. कुसुम होतीच. त्याने टॅबवर चित्र दाखवलं. आईच्या तुकड्यावर 'शेतकरी भवन', समोर चौथरा, चौथऱ्यावर तू.

"आत्या, बाबांची आठवण म्हणून. बाहेरची जागा घेतली असती, पण स्वतःच्या मातीत असलं ना की फील वेगळा येतो. तुम्हा दोघींची फक्त हक्कसोडची साइन लागेल."

कुसुम चष्मा नसल्याने टॅब लांब धरून बघत होती. "मूठ उलटी हाय रे," ती म्हणाली.

"काय?"

"तुझ्या बापाच्या हातातली. मुळं वर हायती. तवाबी सांगितलं होतं."

"अगं कुसुमआत्या, तो फेमस फोटो आहे. तसाच ठेवायला लागतो." मग तो माझ्याकडे वळला, आवाज खाली आणून. "आत्या, तू साइन केलीस ना, की ती पण करेल. ती तुझंच ऐकते."

हे त्याला कोणी सांगितलं असेल, केशू? तुझ्याशिवाय कोण सांगणार.

मी म्हणाले, "अमित, आम्ही सही करणार नाही. उद्या वारसनोंदीचा अर्ज देतोय."

"बाबांना जाऊन तेरा दिवस झालेत, आत्या!"

"आईला जाऊन सात वर्षं झाली."

तो वाईट मुलगा नाही. त्याचे डोळे भरले होते. म्हणाला, "लोक काय बोलतील? केशवभाऊ गेले नि बहिणी जमिनीसाठी उभ्या राहिल्या." कुसुम शांतपणे म्हणाली, "बाळा, मी जलमभर उभीच हाय की. वाकून उभी व्हते, म्हणून दिसले नाय." मग तिने त्याला चहा विचारला. तो न घेता गेला. त्याला आत्यांच्या घरून चहा न घेता जाताना मी पहिल्यांदा पाहिलं, आणि मला वाईट वाटलं. अजून वाटतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी टिटवाळ्याला गेले. सात वर्षांपूर्वीचा अर्ज चालणार नव्हता, कारण त्यात तू हयात होतास. तलाठी कार्यालयाच्या बाकावर बसून मी नवा लिहिला. तुझ्या जागी 'मयत' लिहिलं आणि तुझ्या वाट्याला तुझी बायको आणि अमित, दोघांची नावं घातली. तुझ्या माणसांचा एक गुंठाही मी कमी केलेला नाही. तुझं नाव लिहून झाल्यावर माझं अक्षर बिघडलं, ते पान फाडून पुन्हा लिहिलं. त्यानंतर कुसुमचं पूर्ण नाव लिहिलं. व्यवसायाच्या ओळीवर मी थांबले आणि पेन तिच्या हातात दिलं. ती तिसरीपर्यंत शिकलेली. तिने जिभेचं टोक दातात धरून, एकेक अक्षर सुटं सुटं काढत 'शेती' लिहिलं. मग खाली मला न विचारता सही केली.

तुला माफ केलं का, असं ईशा विचारेल. तिच्या पिढीला ते फार महत्त्वाचं वाटतं. नाही केलं. स्वतःलाही नाही. तू लोकांसाठी झटलास, तुरुंगात गेलास, तुझ्यामुळे कितीतरी घरांच्या चुली जागच्या जागी राहिल्या, आणि तू आपल्या बहिणीला एक गुंठा दिला नाहीस. या दोन्ही गोष्टी एकाच माणसाच्या आहेत, मी त्या वेगळ्या करून देणार नाही. ज्यांना एकच हवी आहे त्यांनी अमितचं पुस्तक घ्यावं.

काल अमितने हरकत घेतल्याचं पत्र आलं. सुनावणी लागेल. माझं वय झालंय, वर्षही लागेल कदाचित. मी फाइलची एक प्रत काढून कुसुमच्या खोलीत ठेवली आहे आणि दुसरी, ईशा, तुझ्या आईच्या मेलवर.

आज जे आहे ते एवढं. आईचा तुकडा तिच्याच नावावर आहे. अर्जावर आम्हा दोघी बहिणींची नावं आहेत. कुसुमने लावलेलं भात गुडघ्याएवढं झालं आहे आणि ती आज सकाळी तण काढायला गेली आहे.